डाव्या पायाचा खळगा

बसस्टॉपवर एक मुलगी दादासारखी उभी होती. चेहरा दादासारखा नव्हता, अंगकाठी तर नव्हतीच. नुसतं उभं राहणं त्याचं होतं. सगळा भार डाव्या पायावर, उजवी टाच जराशी उचललेली, आणि मान उजवीकडे कललेली, शेजारचं कुणी हळू आवाजात काही सांगत असावं आणि ते सगळं ऐकून घ्यायचं असावं तशी. सिग्नलला गाडी थांबली नसती तर दादाच्या या धाकट्या भावाला ते दिसलंही नसतं. मुलगी विशीतली, हातात कारखान्याची निळी टोपी, लक्ष बसच्या वाटेकडे. दादा साठीला आलेला, आणि इथून आगगाडीने अख्ख्या दिवसाच्या वाटेवर. कुणाचं नाक कुणासारखं असतं, आवाज असतो, हे त्याला ठाऊक होतं. पण उभं राहणं कुणाचं उचलता येतं का? मागच्या गाडीने हॉर्न दाबून धरला, कुणीतरी काच खाली करून त्याच्या आईबापांची चौकशी केली, तेव्हा कुठे त्याने गाडी पुढे काढली. आरशात बघितलं तर मुलगी तशीच होती, मान तशीच. त्याच्या अंगावर सरसरून काटा आला, आणि त्याचा त्याला रागही आला, कारण सकाळी नऊ वाजता, धुतलेल्या शर्टात, ऑफिसला जाताना माणसाच्या अंगावर काटा येण्याचं काही कारण नसतं.

ऑफिस म्हणजे उद्योग मंडळ. तिथे तो उपसंचालक. कुठल्या भागात कुठला कारखाना ठेवावा, कुणाला सवलत द्यावी, कुणाला निधी, यावर विचार करून देणं हे त्याचं काम. निर्णय वरचे घेतात, पण त्याच्या मताविरुद्ध वरचे सहसा जात नाहीत, कारण विरुद्ध जायचं तर आधी वाचावं लागतं. त्या पंधरवड्यात त्याला एका भट्टीबद्दल मत द्यायचं होतं. भट्टी गिअर भाजून कडक करायची, आणि ती त्याच्याच गावात होती. गिअर कापायची सगळी यंत्रं दोन वर्षांपूर्वी तिकडून उचलून या शहरातल्या नव्या कारखान्यात आणली होती. भट्टी तेवढी मागे राहिली. आता गिअर इथे कापायचे, ट्रकने तिकडे भाजायला पाठवायचे आणि पुन्हा इकडे आणायचे. कुणीही शहाणा माणूस म्हणेल, भट्टीही इकडे आणा. दुसरा मार्ग एवढाच की मंडळाच्या निधीतून तिकडे पुन्हा नवी कटाई उभारायची. पुढच्या आठवड्यातल्या शुक्रवारच्या बैठकीत त्याला उभं राहून यातलं एक सांगायचं होतं. यंत्रं गेल्यापासून दादा भट्टीवर होता. भट्टी गेली की दादाचं काम जाणार, आणि दादाबरोबर त्या गावात जे काही अजून गरम होतं ते सगळंच.

हे सगळं तो नव्या प्रशिक्षणार्थींना दरवर्षी फळ्यावर छान समजावून सांगायचा. पूर्वी तिकडचं चलन वेगळं होतं. ते अधूनमधून घसरायचं, पेपरवाले बोंब मारायचे, बाहेरचा साबण महाग व्हायचा, आणि तिकडचे गिअर मात्र जगाला स्वस्त पडून हातोहात जायचे. असं झालं की गाव एक श्वास घ्यायचं. मग दोन्ही भागांचं चलन एक झालं. शाळांना सुट्टी मिळाली, बँकेसमोर बँड वाजला, आणि दादाने पहिली नवी नोट खिडकीच्या उजेडात धरून म्हटलं, "कागद चांगला आहे रे." कागद चांगलाच होता. पण त्यानंतर गाव मागे पडू लागलं तेव्हा घसरायला काही शिल्लक नव्हतं. नोट दोन्हीकडे एकच, ती एकट्या गावासाठी थोडीच खाली येणार? मग माणसं कमी झाली. यंत्रं जिथे चार नग जास्त पाडतील तिथे ती न्यावीत, असं धोरण आलं. प्रशिक्षणार्थी माना डोलवायचे. त्यातल्या कुणी कधी विचारलं नाही की यंत्रं गेल्यावर तिथे काय दिसतं. विचारलं असतं तर त्याला सांगता आलं असतं, कारण मागच्या वर्षी तो जाऊन आला होता, आणि जे दिसलं ते बायकोलासुद्धा बोलला नव्हता.

तिकडे सगळे टेकून उभे होते. स्टेशनाबाहेर टॅक्सीवाला गाडीला टेकला होता, त्यात नवल नाही. पण औषधांच्या दुकानातला माणूस कपाटाला टेकून गोळ्या काढत होता, बँकेच्या रांगेत प्रत्येकाचा एक हात भिंतीवर होता, आणि दोन बायका रस्त्याच्या मधोमध एकमेकींना खांदा लावून गप्पा मारत होत्या; एक निघाली तशी दुसरी घाईघाईने खांबाकडे गेली. कामधंदा नसला की माणसं अशीच टेकतात, असं त्याने मनाशी म्हटलं. मग त्याला भिंती दिसल्या. मुख्य रस्त्याच्या दोन्ही बाजूंना, प्रत्येक भिंतीवर, खांद्याच्या उंचीला एक काळपट, तेलकट पट्टा पडला होता. तो शाळेच्या भिंतीवर होता, दवाखान्याच्या होता, आणि वळणावर वळून त्यांच्या गल्लीत शिरला होता. दादाने दार उघडलं ते चौकट धरून. मग भिंत न सोडता तो आत गेला, पाण्याचा तांब्या भिंत न सोडता आणला. वहिनी ओट्याला कंबर लावून हसल्या, "या भाऊजी." त्याने विचारलं, "गुडघे का रे दादा?" "गुडघे ठणठणीत आहेत. डॉक्टरने कानसुद्धा तपासले." "मग?" दादा जरा लाजला. "काही नाही रे बारक्या. उभं राहिलं की वाटतं, खालून कुणीतरी हळूच काढून घेतंय." जगात त्याला बारक्या म्हणणारा हा एवढा एकच माणूस उरला होता. तो रात्रीची गाडी पकडून परत आला, आणि आल्यावर कितीतरी दिवस त्याला स्वतःच्या घराच्या भिंतींकडे बघवेना.

निळ्या टोपीचा त्याने काही पाठलाग केला नाही. तसा तो वाह्यात माणूस नव्हता. पण भट्टीसाठी जागा बघायची आहे असं कारण काढून दुसऱ्याच दिवशी दुपारी तो नव्या कारखान्यात गेला. मॅनेजर मोठा हसतमुख. पत्र्याला बाहेरून निळा रंग, आत दिवसाउजेडी दिवे, आणि लांबच लांब रांगेत तिकडची यंत्रं. हिरवी, जुनी, आणि नवा रंग देऊनही जुनीच. यंत्रांसमोर माणसं पाठमोरी होती. तो दारातच थांबला. तिसऱ्या यंत्रावर लंगडा काका उभा होता. कंबर एका बाजूला टाकून, आपल्यालाच कडेवर घेतल्यासारखा. काका म्हणजे त्याच्या वडिलांचा दोस्त. त्याला जाऊन वर्षं झाली. पलीकडे मास्तर. तो काही मास्तर नव्हता, पण दोन्ही पाय जुळवून प्रार्थनेला उभं राहिल्यागत उभा राहायचा म्हणून मास्तर. त्याच्यापुढे पोट पुढे काढून, गुडघे मागे दाबून, फिटर. लहानपणी तो जेवणाचा डबा घेऊन गावच्या कारखान्यात जायचा तेव्हा ही रांग त्याने पाठीकडूनच बघितली होती; चेहरे नंतर कळले, पाठी आधी पाठ झाल्या.  "काका," असा शब्द त्याच्या तोंडातून गेलासुद्धा. लंगडा काका वळला, आणि पंचविशीतल्या, कानात बाळी घातलेल्या एका पोराने विचारलं, "मला म्हणालात का सर?" बाकीचेही वळले. एकही चेहरा ओळखीचा नव्हता. मग ते पुन्हा कामाला लागले आणि पुन्हा सगळे ओळखीचे झाले.

"फळ्या बघताय होय?" मॅनेजर म्हणाला. तो फळ्या बघत नव्हता, पण आता बघितल्या. प्रत्येकाच्या पायाखाली लाकडाची एकेक जाड फळी होती, खाली आडव्या पट्ट्या ठोकलेली. "तुमच्या तिकडूनच आल्या. मशीनबरोबर नंबर घालून. आम्हाला कळेना, हा लाकूडफाटा कशाला पाठवला. पण पोरांनी ठेवून घेतल्या. आता डॉक्टर म्हणतो, एकाची कंबर, एकाचा गुडघा, सगळं फळीप्रमाणे. पुढच्या महिन्यात रबरी मॅट येतायत. या जातील जळणात." आणि तो मोकळेपणाने हसला. माणूस वाईट नव्हता. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं की तिकडे एक रीत होती. यंत्रं सगळी एका उंचीची, माणसं लहानमोठी. म्हणून नवा माणूस लागला की शेजारच्या यंत्रावरचा जुना माणूस त्याच्यासाठी फळी करायचा. त्याला सरळ उभं करायचं, हात सैल सोडायला लावायचे, आणि कोपरापासून जमिनीपर्यंत माप घ्यायचं. फळी त्या एका माणसाची. दुसऱ्याच्या फळीवर गंमत म्हणून कुणी चढलाच तर त्याने सगळ्या रांगेला चहा पाजायचा. बूट, तेल, लोखंडाचा चुरा आणि वर्षं, यांनी लाकडात हळूहळू दोन खळगे पडायचे, आणि मग डोळे मिटूनही आपली फळी पायाला कळायची.

निळ्या टोपीची मुलगी रांगेच्या शेवटाकडे होती. भार डाव्या पायावर, मान उजवीकडे. तो जवळ जाऊन उभा राहिला तसं तिने यंत्र थांबवलं. "सर, फळ्या काढणार म्हणतात. खरं आहे का?" तो म्हणाला, "गुडघा दुखतो ना तुमचा? डावा?" "दुखतो की. पण खाली उतरलं की..." तिने जमिनीकडे असं बघितलं, जसं खोल पाण्याकडे बघतात. "मागच्या आठवड्यात मॅट टाकून बघितली. पडले मी. सपाट जमिनीवर! सगळे खो खो हसले. मग एकेक जण आपापल्या फळीवरून उतरून बघायला लागला, आणि मग कुणी हसेना." "आणि मान? अशी कोणी शिकवली?" तिचा हात मानेकडे गेला, तिला ठाऊकच नव्हतं. "मशीन या बाजूने बोलतं ना," ती म्हणाली, आणि स्वतःच्याच बोलण्याने जराशी चमकली. हे वाक्य दादाचं होतं. घरी जेवताना, आंघोळीला जाताना, कुणी मान का वाकडी विचारलं की तो हेच म्हणायचा, याच चालीवर.

पुढचं यंत्र बंद होतं, आणि त्याच्यापुढेही एक फळी होती. तिची उंची बघूनच त्याला कळलं. बारावीच्या सुट्टीत दादाने त्याला मागच्या अंगणात उभं केलं होतं आणि घडीची पट्टी उलगडली होती. "हात सैल सोड. बारक्या, सैल म्हणजे सैल." याच्या खिशात तेव्हा या शहरातल्या कॉलेजचं पत्र होतं, आणि दादा इतका खुशीत होता की ते बाहेर काढायला याला आठ दिवस लागले. बाहेर काढल्यावर दादा म्हणाला, "वा वा. झकास!" आणि त्याच तोंडाने म्हणाला, "फळी झालीये पण. असू दे माझ्या शेजारी." त्या फळीवर तो कधीच उभा राहिला नाही. ती सपाट असायला हवी होती. पण समोर होती तिच्यावर दोन खळगे होते, चांगले बोटभर खोल, आणि डावा जास्त खोल. तो वाकला, हात फिरवला. लाकूड कुणीतरी नुकतंच उतरून गेल्यागत कोमट होतं. मागे वळून कुणी बघत नाही याची त्याने चोरासारखी खात्री केली आणि वर पाऊल ठेवलं. डावं बसलं. उजवं बसलं. उजवी टाच आपसूक उचलली गेली आणि मान कलली, आणि यंत्र बंद असूनही त्या बाजूने काहीतरी चालू असल्याचं त्याला ऐकू आलं. किती बरं वाटलं! या शहरात इतकी वर्षं काढून, पदव्या घेऊन, घर घेऊन, आपण एकदाही असे नीट उभे नव्हतो, असं त्याला वाटलं आणि रडूच यायला लागलं. मग तो खाली उतरला. सिमेंट पायाखाली गादीसारखं दबलं, आणि त्याने झटकन यंत्राचा दांडा धरला.

कारखान्याच्या आवारात गाडीच्या बॉनेटला टेकून त्याने दादाला फोन लावला. "दादा, माझी फळी इथे आहे." "आहे ना? मीच नंबर घातला तिच्यावर, सगळ्यांवर घातला," दादा म्हणाला, "मशीनला लागणारं सगळं उचलायचं म्हणून सांगितलं होतं. म्हटलं, तिकडे नवीन पोरं येतील, त्यांना उभं राहायला काहीतरी लागेल ना. सिमेंट फार गार असतं." "आमच्या माणसांनी नुसती मशीनं मागितली होती दादा." "अरे, फळीशिवाय मशीन कसं चालवणार?"  "पण माझ्या फळीवर खळगे आहेत," तो म्हणाला. "मी तर कधी..." दादा म्हणाला, "पडणारच. मशीन रिकामं दिसलं असतं तर त्यांनी जागा काढून टाकली असती. म्हटलं, हा शिकेल, तिथे नाही करमलं तर परत येईल, तेव्हा जागा हवी. म्हणून दोन्ही चालवायचो. जरा माझ्यावर, जरा तुझ्यावर." "किती वर्षं?" "तुझं लग्न होईतो. मग म्हटलं, आता काय येतोय हा!" आणि दादा खरंच हसला. मग आवाज खाली आणून म्हणाला, "बारक्या, एक काम होतं. जमलं तर माझी फळी परत पाठव. उभं राहून बघावं म्हणतो एकदा. तिच्यावर कुणी आहे का?" "आहे. एक मुलगी आहे." "मग नको," दादा लगेच म्हणाला, "ती पडेल ना. मग तुझीच पाठव. झिजवली मीच आहे."

मॅनेजरला मागितली तर तो म्हणाला, "न्या हो, घरी ठेवा शोभेला." फळी गाडीत घालून तो घरी घेऊन आला आणि दिवाणखान्यात मांडली. सकाळी उठल्यावर आधी तिच्यावर जाऊन उभा राहायचा, संध्याकाळी बूट न काढता. बायको म्हणाली, "हे काय नवीन खूळ? आणि मान का अशी?"  फळीवर तो सुखात होता. बाकी सगळीकडे जमीन दबत होती. ऑफिसच्या लिफ्टमध्ये तो पाठ लावून उभा राहू लागला. मग त्याच्या लक्षात आलं की लिफ्टमध्ये इतरही तसेच उभे असतात, की पूर्वीपासूनच असायचे? रोज वाटायचं, आज पार्सलच्या कचेरीत जाऊ. रोज वाटायचं, शुक्रवार होऊन जाऊ दे. बैठकीत दहा माणसांपुढे उभं राहायचं आहे, पडलो तर? दादाला काय, त्याला भट्टीवर स्टूल आहे. हा विचार मनात आला तेव्हा तो फळीवरच उभा होता, आणि हे नेमकं कोणी झिजवलेलं लाकूड आहे, कोण दोन यंत्रांच्या मधे किती वर्षं हेलपाटे घालत राहिला, हे आठवून त्याला स्वतःची इतकी शरम वाटली की तो उतरला तो पुन्हा चढला नाही. त्याच दुपारी, भिंतीला हात लावत लावत, त्याने फळी रेल्वेच्या पार्सलला टाकली.

शुक्रवारी अध्यक्षांनी त्याचा नंबर आला तसं बोलावलं. खुर्ची सोडून तो दोन पावलं पुढे गेला, दोन मागे आला आणि खांदा भिंतीला टेकवला. तिथूनच बोलला. भट्टी हलवू नये, तो म्हणाला. निधी तिकडच्या नव्या कटाईला द्यावा. आणि इथल्या कारखान्यातल्या फळ्या कुणी जाळू नयेत. शेवटच्या वाक्यावर काहींनी एकमेकांकडे बघितलं. अध्यक्ष चष्मा पुसत म्हणाले, "तुम्हीच तर पोरांना शिकवता, यंत्र जिथे जास्त देईल तिथे जावं." "हो." "मग? तुमचं गाव म्हणून?" "हो," तो म्हणाला, "माझं गाव म्हणून. आणि तिथे उभं राहायला काही उरलेलं नाही म्हणून. ते इकडे आपल्या पायाखाली आहे." कुणीतरी खाकरलं. अध्यक्षांनी त्याच्याकडे जरा काळजीने बघितलं, मग घड्याळाकडे. "भट्टीचा विषय पुढच्या बैठकीत घेऊ. तोवर आहे तिथे राहू दे. आणि तुम्ही घरी जा, तुम्हाला बरं दिसत नाही." तो भिंतीपासून निघाला. पांढऱ्या भिंतीवर, खांदा होता तिथे, काळपट डाग पडला होता. तो डाग त्याच्या खांद्यापाशी संपत नव्हता. फिकट, पण सरळ, तो खिडकीच्या खालून अध्यक्षांच्या खुर्चीमागे गेला होता.

व्हरांड्यात येऊन त्याने फोन बघितला. वहिनींचे चार-पाच येऊन गेले होते. त्याने लावला तसा त्यांनी पहिल्या रिंगलाच उचलला. "भाऊजी, हे उभे आहेत! स्वयंपाकघराच्या मधोमध, कशालाही न टेकता. अहो, हात सोडून!" त्यांचा आवाज हसत होता आणि रडत होता. मागे खूप माणसांची कुजबुज येत होती. "कोण आलंय वहिनी?" "सगळी गल्ली आलीये. कुणी सांगितलं कोण जाणे. दारापासून कोपऱ्यापर्यंत भिंत धरून उभे आहेत. म्हणतात, मिनिटभर आम्हालाही उभं राहू दे. यांनी सगळ्यांना हो म्हटलं. थांबा, तेच बोलतायत." मग दादा. आवाज कितीतरी वर्षांपूर्वीचा, अंगणातला. "भट्टी?" "सध्या आहे तिथेच," तो म्हणाला, "सध्या." "बरं झालं. हे बघ, इथे रांग फार मोठी झालीय, आणि मी आता उतरतोय, मास्तरची बायको थांबलीये. तू कसा आहेस? उभा आहेस ना नीट?" तो व्हरांड्याच्या भिंतीला गाल लावून उभा होता. त्याला खोटं बोलता आलं नाही आणि खरंही बोलता आलं नाही. दादा मान उजवीकडे कलवून ऐकत असणार. "मला वाटलंच," तो म्हणाला, "काळजी करू नकोस बारक्या. तुझा नंबर धरून ठेवलाय मी."